नवऱ्यासाठी समुपदेशक शोधतेय. श्रद्धा समजणारा हवा, पण मिशनला निरोप न पोचवणारा

परतलेली

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. प्रश्न लांब आहे, पण तुकड्यातुकड्याने सांगितला तर कळणार नाही.

मी आणि माझे पती नऊ वर्षं मिशनच्या सेवाक्षेत्रात होतो. देशाचं नाव लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथेच आहेत. हे दवाखाना बघायचे, मी बायकांचे साक्षरता वर्ग घ्यायचे. मागच्या वर्षी तिथे लढाई पेटली आणि एका रात्रीत बाहेर पडावं लागलं. गाडी आठ जणांची, अंगणात उभी माणसं चौदा. ह्यांनी दोनदा मोजली. जबाबदारी ह्यांच्याकडे होती, म्हणून कोण बसणार हेही ह्यांनाच ठरवावं लागलं. कोंबून कोंबून दहा जण बसलो आणि निघालो. मागे राहिलेल्या चौघांपैकी दोघांचा अजून काहीच पत्ता नाही.

परतून अकरा महिने झाले. रविवारी उपासनेला बसलो की ह्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो. आधी मला वाटलं, मनात प्रार्थना चालली असेल. हे बाकांवरची माणसं मोजत होते. गीत संपेपर्यंत मोजून झालं नाही तर पुन्हा पहिल्या बाकापासून. प्रभुभोजनाला लोक उठून पुढे जातात, हिशोब मोडतो, तेव्हा ह्यांना दरदरून घाम फुटतो. गेले दोन महिने हे आत येतच नाहीत, बाहेर पायरीवर बसून राहतात. रात्री तीनला जाग येते ती येतेच. स्वतः प्रार्थना करत नाहीत. मी केली तर 'आमेन' म्हणतात.

तीन ठिकाणी जाऊन झालं. पहिला माणूस आमच्याच मिशनच्या सेवक-काळजी विभागातला. प्रेमळ, शांतपणे ऐकणारा. दोन भेटी चांगल्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात क्षेत्रप्रमुखांचा फोन आला आणि बोलता बोलता ते म्हणाले, "ते माणसं मोजण्याचं आता कमी झालं का?" ही गोष्ट ह्यांनी फक्त त्या खोलीत सांगितली होती. फोन स्पीकरवर होता. हे उठले, आत गेले, दार लावून घेतलं. त्या माणसाचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही.

दुसऱ्या बाई बाहेरच्या, शिकलेल्या. ह्यांनी सांगितलं की देवाने आम्हाला तिथे बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "बोलावलं म्हणजे आवाज ऐकू आला का?" आणि वहीत लिहून घेतलं. मग, "तुम्हाला जायला कोणी भाग पाडलं होतं का?" एक तास झाल्यावर हे बाहेर आले आणि म्हणाले, "पुन्हा नको."

तिसरे आमच्या मंडळीतले एक वडीलजन. ते म्हणाले, बायबलमधला संदेष्टा एलीयाही खचला होता, पण उठला, तुम्हीही उठा.

दर तिमाहीला देणगीदारांना प्रार्थनापत्र जातं. ह्या वेळी मी लिहिलं, 'आम्ही सध्या विश्रांती घेत आहोत.' ह्यांनी 'विश्रांती' हा शब्द खोडला. दुसरा सुचेना, म्हणून कागद तसाच टेबलावर आहे. तीन आठवडे झाले.

मला असं माणूस हवं आहे ज्याला पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावणं, काय असतं ते समजावत बसावं लागणार नाही, ज्याला आघाताचं शास्त्र येतं आणि ज्याच्या तोंडून गोष्ट बाहेर पडणार नाही. तिन्ही एका ठिकाणी मिळतं का? कुठे शोधू? पहिल्या फोनवर काय विचारू? हे चौथ्या माणसाकडे एकदाच येतील असं मला वाटतं. ती भेट वाया जायला नको.

ऐकणारी

ताई, सलाम. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. माझ्याकडे मिशनसेवक येतात, मदत संस्थांचे डॉक्टर-नर्सही येतात.

तुमच्या तीन अटी बरोबर आहेत, फक्त क्रम फिरवा. गुप्तता पहिली, शास्त्र दुसरं, श्रद्धेची समज तिसरी. तिसरी हलकी आहे म्हणून नाही. ज्याच्या मनात आदर आहे त्याला ती हळूहळू येते. पहिली गेली तर मात्र बाकीच्या दोन असून उपयोग नाही, हे तुम्ही त्या फोनवर ऐकलंतच.

पहिल्या माणसाचा हेतू वाईट नसेलही. पण त्याचा पगार मिशन देतं, आणि 'हा सेवक परत पाठवण्याजोगा आहे का' ह्याचं उत्तरही मिशन त्यालाच विचारतं. उपचार करणं आणि योग्यता तपासणं ही दोन कामं एका माणसाने एकाच सेवकाच्या बाबतीत करू नयेत. तेव्हा मिशनला आधी लेखी कळवा की उपचार करणारी व्यक्ती योग्यतेचा अहवाल देणार नाही. त्यांना तपासणी हवीच असेल तर ती दुसऱ्याकडून करून घ्यावी. फी मिशन देत असेल तर जरूर घ्या, तुमचा हक्क आहे. पण बिलावर फक्त तारखा आणि भेटींची संख्या, निदान नाही, विषय नाही. माहिती देण्याच्या संमतीपत्रावर सही मागितली तर नीट वाचा: कोणाला, नेमकं काय, कोणत्या तारखेपर्यंत. ती संमती मागे घेता येते. 'सर्व संबंधितांना आवश्यक ती माहिती' असं मोघम लिहिलेलं असेल तर सही करू नका. जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर गुप्तता मोडावी लागते. हे अपवाद चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत, तुम्ही न विचारता सांगतो.

आता शास्त्राचं. आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये जागा मिळाली. त्यावर आघात-केंद्रित संज्ञानात्मक वर्तन उपचार (आघाताबद्दलचे विचार आणि वागणं हळूहळू बदलणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करवत त्या आठवणीवर काम करणं) ह्या दोन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवल्या आहेत. 'ह्यांपैकी कशाचं प्रशिक्षण घेतलं, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती रुग्णांवर' हे सरळ विचारा. चांगल्या माणसाला राग येत नाही. मग विचारा, "पहिल्या दोन-तीन भेटींत काय कराल?" झोप, सुरक्षितता, घाम फुटल्यावर स्वतःला सावरायची रीत, असं काही उत्तर आलं तर बरं. "त्या रात्रीपासून सुरुवात करू" असं आलं तर दुसरा नंबर फिरवा. सेवेतून परतलेल्यांना एकाच बैठकीत सगळं बोलून मोकळं करायची पद्धत काही मिशनांत अजून आहे. अशा एका बैठकीने पुढचा विकार टळतो ह्याला पुरावा मिळाला नाही, असं २००२ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, आलं आहे.

न भेटता निदान करू नये आणि मी करत नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाचून एक शब्द सुचवते: नैतिक जखम. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे ह्यांनी १९९० च्या दशकात व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांबद्दल लिहिताना ही कल्पना मांडली. भीतीची जखम म्हणते, 'मी मरणार होतो.' ही जखम म्हणते, 'मी काय केलं!' चौदांतून दहा निवडणाऱ्याला "तुमची काही चूक नव्हती" असं घाईने सांगणारा माणूस नको. तो बरोबर असला तरी त्यांना वाटेल की ह्याने ऐकलंच नाही. ह्याच जागी श्रद्धा समजणारा माणूस कामाला येतो, कारण कबुली, क्षमा आणि विलाप ह्यांची भाषा तुमच्या पतींकडे आधीपासून आहे. ८८ वं स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारात आहे, उजेड येतच नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याला हे स्तोत्र घाईने पुढे ढकलावंसं वाटत नाही तो माणूस शोधा. तो ख्रिस्ती असेल, नसेलही.

दुसऱ्या बाईंबद्दल एक सांगते, त्यांची बाजू घेण्यासाठी नाही. आवाज ऐकू येतो का, हा प्रश्न आम्ही खूप जणांना विचारतो. चूक प्रश्न विचारण्यात नाही, उत्तर न ऐकताच वही मिटण्यात आहे. "पाचारण म्हणजे तुमच्यासाठी काय, ते कसं कळलं, आज त्याचं काय झालंय?" एवढं त्यांनी विचारलं असतं तर कदाचित दुसरी भेट झाली असती. फोनवर तुम्हीच विचारा, "माझ्या पतींच्या श्रद्धेबद्दल तुम्ही कसं बोलाल?" 'तो विषय बाजूला ठेवू' हे उत्तर नको, 'आधी कोणतं पाप लपलंय ते पाहू' हेही नको. 'बायबलाधारित समुपदेशक' अशी पाटी असेल तर प्रशिक्षण वेगळं विचारा. काहींकडे दोन्ही असतं, काहींकडे फक्त शास्त्रवचनं. आणि परत जायचं की नाही, हा निर्णय जो तुमच्यासाठी घ्यायला बसतो तो कोणत्याच पाटीचा असला तरी नको.

कुठे शोधायचं? आपल्या मिशनबाहेर. दुसऱ्या मिशनच्या परतलेल्या कुटुंबांना विचारा, कोणाकडे गेलात आणि गोष्ट बाहेर फुटली का. चिआंग माई आणि नैरोबी इथे मिशनसेवकांसाठी चालणारी समुपदेशन केंद्रं आहेत, त्यांना लिहून नावं मागता येतात. तेही नाही जमलं तर मदत संस्थांचे कर्मचारी, युद्ध वार्ताहर, सैनिक ह्यांच्यावर काम करणारे गाठा. जागा कमी आणि माणसं जास्त, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नाही. एखाद्याने 'माझ्याकडे जागा नाही' म्हटलं तर फोन ठेवण्याआधी "तुमच्या घरातल्या कोणाला पाठवायचं असतं तर कुठे पाठवलं असतं?" असं विचारा. मला सगळ्यात चांगली नावं ह्याच प्रश्नाने मिळाली आहेत.

ऑनलाइन चालेल, पण पुष्कळ ठिकाणी परवाना रुग्ण जिथे बसला आहे तिथला लागतो. उद्या परत गेलात तर हाच माणूस पुढे चालू ठेवू शकेल का, हे आजच विचारा.

वडीलजनांनी एलीयाचं नाव काढलं ते बरं झालं. बायबलमधला १ राजे, अध्याय १९ पुन्हा वाचा. तो झुडपाखाली मरण मागत झोपतो, आणि देवदूत त्याला दोनदा उठवून खायला देतो. दुसऱ्यांदा एवढंच म्हणतो की वाट लांब आहे. होरेब डोंगरावर देव त्याला "तू इथे काय करतोस?" असं दोनदा विचारतो, आणि एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो, शब्दाला शब्द तेच. आघात झालेली माणसं अशीच बोलतात. 'हे तू मघाशी सांगितलंस' असं देव त्याला म्हणत नाही.

रात्रपाळी

मी मिशन रुग्णालयात परिचारिका होते. थोडक्यात लिहिते. समुपदेशक मिळेपर्यंत एका साध्या डॉक्टरांना दाखवून घ्या. थायरॉईड, बी-१२, रक्तक्षय तपासा. आणि तिथे मलेरिया होऊ नये म्हणून कोणती गोळी घेत होते ते आठवा. मेफ्लोक्वीन असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या औषधाने झोप बिघडणं, वाईट स्वप्नं, भीती, नैराश्य असे त्रास होऊ शकतात आणि काहींना औषध बंद केल्यावरही राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सगळं गोळीमुळे झालं असं मी म्हणत नाही, त्या रात्रीचं ओझं खरं आहे. पण गोळीचा भाग असेल तर तो वर्षभर बोलून जाणार नाही.

दुसरं, आणि हे टाळू नका. मरावंसं वाटतं का, असं त्यांना स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. 'हो' म्हणाले तर समुपदेशकाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

परतलेली

दोघींचे मनापासून आभार. गोळी मेफ्लोक्वीनच होती, आठवड्याला एक, शेवटची तीन वर्षं. डबी अजून बॅगेत सापडली. उद्या डॉक्टरांकडे जातोय.

रात्री विचारलं. माझा आवाज कापत होता. हे म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण त्या गाडीतून उतरावंसं वाटतं." मग बराच वेळ दोघं गप्प बसलो. अकरा महिन्यांत त्या रात्रीबद्दल हे स्वतःहून बोललेलं पहिलंच वाक्य.

मिशनरी_घरातली

ताई, तुम्हाला मुलं आहेत का ते लिहिलं नाहीत. असतील तर हे वाचा.

माझे आईवडील मिशनमध्ये होते आणि मी बारा वर्षांची असताना आम्हीही असेच घाईने निघालो. सगळ्यांनी बाबांची विचारपूस केली. मला लोक विचारायचे, "आता आपल्या घरी आल्यावर बरं वाटतंय ना?" मला तर घरातून काढल्यासारखं वाटत होतं. कुत्रा तिथेच राहिला होता. माणसं राहिली असताना कुत्र्यासाठी कसं रडायचं, म्हणून मी रडले नाही. सव्वीसाव्या वर्षी एका समुपदेशिकेने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" आणि मी तास संपेपर्यंत रडत होते. त्यांना मिशनमधलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

रूथ युसीम नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीतली मुलं' म्हटलं, म्हणजे आईवडिलांच्या देशाचीही नाहीत आणि जिथे वाढली तिथलीही नाहीत. समुपदेशक शोधताना हा शब्द त्यांना माहीत आहे का विचारा. मुलांसाठी वेगळा माणूस लागेल. आणि बोलायची भाषा मुलांना निवडू द्या. माझी रडायची भाषा तिथली होती, आईबाबांची नव्हती.

जुना_सेवक

सलाम. मी निवृत्त आहे, चाळीस वर्षं सेवेत होतो. तीस वर्षं माझं मत असं होतं की पाळक आणि प्रार्थना पुरे. माझ्या पाळकांनी मला खरोखर सांभाळलं, ते मी नाकारणार नाही. पण माझी पत्नी ज्या काळात आजारी होती त्या काळाकडे आज बघतो तेव्हा मला मान खाली घालावी लागते. तिला काय होतंय हे मी कधी विचारलंच नाही. 'प्रभू सामर्थ्य देईल' म्हणून दौऱ्यावर निघायचो.

भारतात आलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी ह्यांचं नाव आपण सगळे घेतो. त्यांच्या पत्नी डोरोथी ह्यांना यायचंच नव्हतं. १७९३ मध्ये तान्हं बाळ घेऊन आल्या. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि त्यानंतर त्यांचं मन पुन्हा थाऱ्यावर आलं नाही. १८०७ मध्ये मृत्यू होईपर्यंतची शेवटची वर्षं बंद खोलीत गेली, आणि त्याच घरात पतींची भाषांतरं चालू होती. त्या काळी उपचार नव्हते हे खरं. आज आहेत. कॅरींच्या चरित्रांवर मी किती तरी प्रवचनं दिली, एकातही डोरोथींसाठी दोन मिनिटं काढली नाहीत.

म्हणून मुली, मी तुला विचारतो. तुझ्या पहिल्या पत्रात 'हे' किती वेळा आलं बघ. त्या गाडीत तूही होतीस. तुझं काय?

परतलेली

काका, तुमचं वाचून मी मोबाइल उपडा ठेवला आणि दोन दिवस हा धागा उघडला नाही.

लिहिते. दहा जणांत मी होते. ह्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली तेव्हा पहिलं नाव माझं घेतलं, दुसरं लेकीचं. माझ्या शेजारी माझ्या वर्गातली एक बाई उभी होती, नुकती स्वतःचं नाव लिहायला शिकलेली. मी चढले. मी "तिला बसवा" म्हणाले नाही. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ह्यांच्या मोजणीत आणखी एक वाढेल. ज्या दोघांचा पत्ता नाही त्यांतली एक ती आहे.

काल तीन फोन केले. पहिल्यांनी गुप्ततेचं विचारल्यावर "मिशनशी आमचे चांगले संबंध आहेत" असं सांगितलं, मी आभार मानून ठेवला. दुसऱ्यांकडे चार महिने जागा नाही. त्यांना 'घरातल्या कोणाला पाठवायचं असतं तर' हा प्रश्न विचारला. त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी एक नाव दिलं. तिसरा फोन त्या नावाला. हे गृहस्थ सैनिक आणि मदत संस्थांच्या लोकांवर काम करतात, ख्रिस्ती नाहीत. श्रद्धेबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला फारसं माहीत नाही. तुमचे पती शिकवतील तेवढं शिकेन. पण त्यांना ज्या दिवशी देवावर रागवायचं असेल त्या दिवशी मी देवाची बाजू घेणार नाही, आणि विरुद्धही बोलणार नाही." गुप्ततेचे अपवाद त्यांनी स्वतःहून सांगितले. बिलावर फक्त तारखा येतील.

ह्यांना सगळं सांगितलं. विचार करून म्हणाले, "सैनिकांवर काम करतात ना? मग जाऊ." मंगळवारी सकाळची वेळ मिळाली आहे. माझ्यासाठी त्यांनी त्यांच्या एका सहकारी बाईंचं नाव दिलं, गुरुवार दुपार. लेकीला मी तिथली भाषा बोलून विचारलं, तुला कोणाशी बोलायचंय का. ती त्याच भाषेत म्हणाली, "आधी तू जाऊन ये."

प्रार्थनापत्रातला तो खोडलेला शब्द तसाच ठेवून त्याच्यापुढे मी लिहिलं, 'आम्ही सध्या उपचार घेत आहोत.' ह्यांनी वाचलं आणि खाली सही केली.